विनाशुल्क वाहिन्या आणि परिमाणाचे व्रत

दूरचित्रवाणीची सशुल्क जोडणी सोडून विनाशुल्क वाहिन्यांवर भागवणे हा निर्णय गेल्या काही वर्षांत भारतातील लाखो कुटुंबांनी घेतला, आणि त्याविषयीची चर्चा बहुधा महिन्याचा खर्च, चित्राचा दर्जा आणि वाहिन्यांची संख्या यांच्यापलीकडे जात नाही. तरीही या निर्णयाचे वर्णन ज्या भाषेत केले जाते ती निव्वळ हिशेबाची नसते; असे कुटुंब साधेपणाकडे वळले, त्याने मोह सोडला, असे कौतुकाने म्हटले जाते आणि ‘फुकटचे ते पौष्टिक’ असा टोमणाही त्याला मारला जातो. त्याग आणि प्रतिग्रह, म्हणजे आपले सोडणे आणि दुसऱ्याने दिलेले स्वीकारणे, या दोन्ही कृतींचा भारतीय धर्मविचाराने फार बारकाईने विचार केला आहे, आणि शुल्क थांबवून विनाशुल्क पाहू लागणारा प्रेक्षक एकाच वेळी या दोन्ही कृती करत असतो. त्याने नेमके काय सोडले आणि त्याला जे मिळते ते कोणत्या नात्याने मिळते, हे प्रश्न म्हणूनच ग्राहकहिताच्या चर्चेत संपत नाहीत.

व्यवहाराची बाजू आधी स्पष्ट केली पाहिजे, कारण ‘विनाशुल्क’ या विशेषणाखाली दोन निराळ्या गोष्टी मोडतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१७ मध्ये आखलेली आणि फेब्रुवारी २०१९ पासून अंमलात आलेली दरव्यवस्था वाहिन्यांचे दोन वर्ग करते: ज्यांच्यासाठी प्रक्षेपक दर आकारतो त्या सशुल्क आणि ज्यांच्यासाठी तो काहीच आकारत नाही त्या विनाशुल्क. परंतु केबलवाल्याच्या तारेतून किंवा खासगी डीटीएच कंपनीच्या तबकडीतून केवळ विनाशुल्क वाहिन्या पाहणाऱ्यालाही जाळे वापरल्याबद्दलचे शुल्क द्यावेच लागे. ते पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी कमाल १३० रुपये आणि १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून १५३ रुपये ४० पैसे असे ठरले होते. एकही सशुल्क वाहिनी न घेणाऱ्या घरालाही ही रक्कम चुकत नसल्याने अनेकांनी जोडणीच काढून टाकली आणि प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशचा रस्ता धरला. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेत, खेड्यापाड्यांतून जिला सरळ ‘छत्री’ म्हणतात ती तबकडी आणि सेट टॉप बॉक्स यांचा खर्च एकदाच येतो. महाराष्ट्रातील घराने ती आग्नेयेकडे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ उपग्रहाच्या रोखाने बसवली की पुढे दरमहा रिचार्ज करावा लागत नाही. उद्योगक्षेत्राच्या अंदाजानुसार देशात अशी घरे चार कोटींहून अधिक आहेत. पुढील विवेचनात विनाशुल्क म्हणताना मुख्यतः हीच व्यवस्था अभिप्रेत आहे.

आता जे मिळते त्याचे स्वरूप. धर्मशास्त्रकारांनी दानाची सहा अंगे सांगितली आहेत: दाता, प्रतिग्रहीता म्हणजे घेणारा, श्रद्धा, धर्ममार्गाने मिळवलेली देय वस्तू, देश आणि काल. दानाने वस्तूवरील स्वामित्व एका ठरावीक व्यक्तीकडून दुसऱ्या ठरावीक व्यक्तीकडे जाते, आणि म्हणून घेणाऱ्याने स्वीकार केल्याखेरीज दान पुरे होत नाही. प्रतिग्रहाने घेणाऱ्यावर येणारा भार, आणि कोणाकडून काय घ्यावे याविषयीचे निर्बंध, हा सगळा विचार याच गृहीतावर उभा आहे. उपग्रहावरून उतरणाऱ्या लहरींना हे लक्षण लागू पडत नाही. त्या कोण घेत आहे हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते, एका छपराने त्या घेतल्याने शेजारच्या छपराच्या वाट्याला काही कमी येत नाही, आणि कोणीच न घेतल्या तरी त्या परत जात नाहीत. अशा देण्यासाठी धर्मशास्त्रात दानाहून वेगळी संकल्पना आहे, तिला उत्सर्ग म्हणतात. विहीर, तलाव, आमराई किंवा धर्मशाळा लोकांसाठी बांधणे या पूर्तकर्मांत बांधणारा आपले स्वामित्व भूतमात्रासाठी सोडून देतो. घेणारा कोण हे ठरलेले नसते, स्वीकाराचा विधी लागत नाही, आणि बांधणारा पुढे स्वतः तेथले पाणी प्यायला तरी तो मालक म्हणून पीत नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी एक म्हणून पितो. म्हणूनच विहिरीवर पाणी पिणाऱ्या वाटसरूला कोणी याचक म्हणत नाही, आणि कूटबद्ध न केलेली लहर घरात घेणाऱ्या प्रेक्षकालाही फुकट्या म्हणणे त्याच न्यायाने गैर ठरते.

तथापि उत्सर्गाची संकल्पनाही इथे पुरी पडत नाही, कारण उत्सर्ग करण्याआधी वस्तू कर्त्याच्या मालकीची असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात असा निर्णय दिला की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी नियंत्रित झाला पाहिजे. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात माहिती मिळवण्याचा हक्क अंतर्भूत असल्याचेही त्या निर्णयात मानले गेले. लहरी मुळातच सर्वांच्या असतील, तर सरकारी प्रक्षेपकाने त्या शुल्काविना खुल्या ठेवणे हा उपकार नव्हे, ते ज्याचे त्याला देणे आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या भक्तांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, आणि दार उघडल्यावर त्या भक्तांना जे मिळाले त्याला कोणी दान म्हटले असते तर ते उघड विपरीत झाले असते. अडवून धरलेला हक्क मोकळा होणे ही देणगीहून सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. आषाढी एकादशीची शासकीय महापूजा सह्याद्री वाहिनीवर थेट दाखवली जाते तेव्हा वारीला जाऊ न शकलेल्या घराला ते दर्शन कोणत्याही दरपत्रकाशिवाय मिळते, आणि तसे ते मिळणे हेच योग्य होय.

या हक्काला आणखी जुना आधार नाट्यशास्त्रात सापडतो. भरताच्या ग्रंथातील उत्पत्तिकथेनुसार ज्यांना वेदश्रवणाचा अधिकार नाकारलेला होता त्यांनाही उपलब्ध होईल असा पाचवा, सार्ववर्णिक वेद म्हणून नाट्य निर्माण करण्यात आले, आणि दुःखी, श्रमलेल्या व शोकाकुल माणसांना विश्रांती देणे हे त्याचे प्रयोजन सांगण्यात आले. दिवसभर ऊसतोड करून आलेल्या माणसाने रात्री तासभर चित्रपट पाहिला तर त्याला संयमाचा उपदेश करायला निघालेल्यांनी हा अध्याय जरूर वाचावा. करमणूक ही चैन आहे आणि ती परवडणाऱ्यांनीच करावी, ही कल्पना भरताला मान्य झाली नसती.

परंतु फ्री डिशवर दिसणाऱ्या सगळ्याच वाहिन्या दूरदर्शनच्या नाहीत, आणि खरी गुंतागुंत इथून सुरू होते. या व्यासपीठावरील जागा प्रसार भारती लिलावाने विकते. खासगी प्रक्षेपक त्यासाठी शेकडो कोटी रुपये मोजतात आणि प्रेक्षकाकडून एक पैसाही घेत नाहीत. हा पैसा जाहिरातीतून येतो, हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा अर्थ क्वचितच उलगडून पाहिला जातो. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइथ यांनी १९७७ मध्ये अशी मांडणी केली की जाहिरातीवर चालणाऱ्या माध्यमांचा खरा माल म्हणजे कार्यक्रम नव्हे. प्रेक्षकवर्ग हाच माल असून तो जाहिरातदाराला विकला जातो, आणि कार्यक्रम हे त्या प्रेक्षकाला आत बोलावण्यासाठी ठेवलेले फुकट जेवण असते. स्माइथ यांचे म्हणणे प्रेक्षकाला अगदीच निष्क्रिय समजते, हा त्यावरील आक्षेप बरोबर आहे. पण व्यवहाराचे वर्णन म्हणून ते भारतातही तंतोतंत खरे ठरले. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने २०१५ मध्ये ग्रामीण घरांची मोजणी सुरू केली, तशा फ्री डिशवरच्या हिंदी मनोरंजन वाहिन्या लोकप्रियतेच्या यादीत झपाट्याने वर आल्या. ही घरे पूर्वीही होती आणि पूर्वीही पाहत होती. मोजली गेल्यावर ती विकण्याजोगी झाली.

उत्सर्गाची कसोटी इथे लावली की उत्तर स्पष्ट मिळते. उत्सर्ग करणारा पुन्हा मालक होऊ शकत नाही. लोकांसाठी सोडलेल्या विहिरीला पुढच्या वर्षी कुलूप घालता येत नाही. नव्या दरव्यवस्थेनंतर २०१९ मध्ये मोठ्या प्रक्षेपक समूहांनी स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल यांसारख्या आपल्या वाहिन्या फ्री डिशवरून काढल्या, पुढे त्या परत आणल्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढून घेतल्या. सशुल्क ग्राहक विनाशुल्क सेवेकडे वळत आहेत, ही चिंता त्यामागे होती. यात बेकायदा काहीच नाही, व्यापाऱ्याने आपला माल कोणत्या बाजारात मांडावा हे त्याने ठरवायचे असते. पण जे हिशेबाने येते आणि हिशेबाने जाते त्याला लोकार्पण म्हणता येत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा धरून दिलेल्याला राजस दान म्हटले आहे. खासगी विनाशुल्क वाहिनी त्याही पायरीवर चढत नाही, कारण तिथे परतफेड नंतर कधीतरी अपेक्षित नसून दर मध्यंतराला वसूल होत असते. केबल जाळ्यांसाठीच्या नियमांनी जाहिरातींना ताशी बारा मिनिटांची मर्यादा घातली आहे, तेव्हा रोज पाच तास संच चालवणारे घर त्या मर्यादेनेही दिवसाकाठी एक तास जाहिराती पाहते. शिवाय जाहिरातीचा खर्च साबणाच्या आणि चहापुडीच्या किमतीत मिसळलेला असल्याने घरात संचच नसलेला माणूसही या ‘फुकट’ करमणुकीचा भार उचलतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

धार्मिक वाहिन्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. आस्था आणि संस्कार यांसारख्या बहुतेक भक्तिपर वाहिन्या विनाशुल्क आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा वेळेचे पैसे प्रवचनकार, संप्रदाय किंवा औषधे व वस्तू विकणाऱ्या संस्था भरतात. म्हणजे ऐकणारा काही देत नाही, बोलणाराच बोलण्याची किंमत मोजतो. वारकरी परंपरेने या प्रश्नावर फार पूर्वी आपले मत कडक शब्दांत नोंदवले आहे. तुकारामांनी हरिकथेच्या मोबदल्यात द्रव्य घेणाऱ्याला दोषी ठरवले आणि देणाऱ्यालाही सोडले नाही. कीर्तनाच्या ठिकाणी कीर्तनकाराने अन्नदेखील घेऊ नये असा त्यांचा दंडक होता. देणारा दोषी का, हे वरवर पाहता समजत नाही. कथेला किंमत चिकटली की ऐकणारा आणि सांगणारा यांच्यामध्ये गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे नाते उभे राहते, आणि ते नाते दोन्ही बाजूंना बिघडवते, असा त्यामागील विचार दिसतो. प्रक्षेपणाच्या वेळेचे पैसे बोलणाऱ्याने भरले तर बाजू उलटतात, नाते मात्र तेच राहते, कारण भरलेला पैसा अनुयायी, देणग्या किंवा विक्री यांतून परत यावा लागतो. या वाहिन्यांवर ऐकलेली सगळीच प्रवचने त्यामुळे वाया जातात असे नाही, परंतु ती विनामूल्य आहेत म्हणून निःस्वार्थ आहेत, हा समज भाबडा आहे.

प्रश्नाचा दुसरा भाग त्यागाचा. गीतेच्या अठराव्या अध्यायातील त्यागाचे तीन प्रकार मुळात कर्मत्यागाविषयी आहेत, भोगत्यागाविषयी नाहीत. तरीही त्यातील विवेक इथे उपयोगी पडतो. मोहाने, म्हणजे न समजता केलेला त्याग तामस, कष्ट नकोत म्हणून केलेला राजस, आणि आसक्ती व फळ दोन्ही सोडून केलेला सात्त्विक. महिन्याचा खर्च झेपत नाही म्हणून जोडणी तोडणे हे अर्थातच काटकसरीचे आणि शहाणपणाचे कृत्य आहे; पण ते त्यागाच्या कोष्टकात बसवायचेच झाले तर राजस रकान्यात बसेल, आणि ज्याच्याकडे मुळात नव्हते त्याच्या बाबतीत तर त्याग हा शब्दच लागू होत नाही. विषयांपासून दूर राहणाऱ्याचे विषय सुटतात पण त्यांची गोडी सुटत नाही, असे दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे, आणि त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी वरची पालवी खुडून मुळाशी पाणी घालत राहणाऱ्याचा दृष्टान्त योजला आहे. तीनशे वाहिन्यांवरून शंभरांवर आलेले आणि तरीही झोपेपर्यंत संच बंद न करणारे घर या दृष्टान्ताच्या बाहेर पडत नाही.

याहून नेमके साधन जैन श्रावकाचारात आहे. साधूसाठी अपरिग्रह हे महाव्रत. गृहस्थाला ते पूर्णपणे पाळणे शक्य नाही हे ओळखून त्याच्यासाठी परिमाणाची, म्हणजे मोजून मर्यादा घालण्याची व्रते सांगितली गेली. त्यांपैकी भोगोपभोगपरिमाण व्रतात, एकदा वापरून संपणारे अन्नासारखे भोग आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारे वस्त्रासारखे उपभोग, या दोहोंची सीमा गृहस्थ स्वतः ठरवतो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात ही सीमा दोन प्रकारे घालता येते: ठरावीक काळापुरती घातली तर तो नियम, आणि जन्मभरासाठी घातली तर तो यम. त्याच ग्रंथात निष्कारण पाप ओढवून घेणाऱ्या वर्तनाच्या, म्हणजे अनर्थदंडाच्या, पाच प्रकारांत दुःश्रुती हा एक प्रकार गणला आहे. मन कलुषित करणाऱ्या कथा ऐकणे असा त्याचा अर्थ. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपास लिहिणाऱ्या आचार्यांनी ऐकण्याची गणना कृतीत केली, ऐकणारा नुसता बसलेला असतो असे मानले नाही, हे लक्षणीय आहे. बौद्ध विचारातही आहार चार प्रकारचा मानला असून त्यात घासाघासाने घेतलेल्या अन्नाशेजारीच स्पर्शाहार, म्हणजे इंद्रिये आणि विषय यांच्या संपर्काने मनाला मिळणारे पोषण, ठेवलेला आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर पाहणे हे सेवन आहे, मग त्याचे देयक येवो अथवा न येवो.

परिमाणाच्या या कसोटीवर तपासले असता एक विचित्र विसंगती दिसते. २०१९ च्या दरव्यवस्थेने सशुल्क ग्राहकाला प्रत्येक वाहिनीची किंमत पाहून हवी तेवढीच वाहिनी निवडण्याची मुभा दिली, म्हणजे समंतभद्रांनी सांगितलेली मोजणी करण्याचा प्रसंग त्याच्यावर आणला. कोणती वाहिनी आपल्याला खरोखर हवी, हा प्रश्न घरात बसून विचारण्याची वेळ कित्येक कुटुंबांवर तेव्हा प्रथमच आली. बहुतेकांनी कंपनीने बांधून दिलेला गठ्ठा घेऊन ती वेळ निभावून नेली, हा भाग वेगळा. विनाशुल्क व्यवस्थेत तो प्रश्न उद्भवतच नाही. जे आहे ते सगळे येते, आणि पाहिल्याने काही खर्च होत नसल्यामुळे न पाहण्याचे कारणही उरत नाही. किंमत हा एक कुंपणासारखा अडसर होता, तो गेल्यावर मर्यादा आतून यावी लागते, आणि ती आतून आली नाही तर खर्च कमी होऊन सेवन वाढते. सशुल्क प्रेक्षक आपोआप भोगी आणि विनाशुल्क प्रेक्षक आपोआप संयमी, हे समीकरण म्हणूनच टिकत नाही. चार वाहिन्यांचे पैसे भरून ठरलेल्या दोन कार्यक्रमांनंतर संच बंद करणारा गृहस्थ व्रताच्या अधिक जवळ असतो.

व्रताचा आग्रह धरताना तो कोणाला धरावा, याचेही तारतम्य हवे. ज्या घरात एकच खोली आहे, वाचनालय दूर आहे आणि म्हाताऱ्या माणसाला सोबत म्हणून संचाचा आवाजच तेवढा आहे, तिथे तासांचा हिशेब मागणे निर्दयपणाचे ठरेल. त्या घराच्या बाबतीत जबाबदारी प्रक्षेपकाची आहे, आणि प्रसार भारतीची ती अधिक आहे, कारण सार्वजनिक लहरींवरच्या जागा ती विकते. शालेय अभ्यासक्रमाच्या वाहिन्या, संसदेचे कामकाज, सह्याद्रीसारख्या प्रादेशिक वाहिन्या या गोष्टी उत्सर्गाच्या कसोटीला उतरतात. लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्याच्या मालिका उतरत नाहीत, आणि त्या दोहोंना एकाच ‘मोफत’ या शब्दाने झाकणे ही प्रेक्षकाची दिशाभूल आहे. ज्यांना मात्र निवड शक्य आहे, त्यांनी जोडणी काढण्याआधी संच रोज किती वेळ आणि कशासाठी चालेल हे ठरवावे, चातुर्मासापुरते का होईना. तो नियम झाला नसेल तर शुल्क भरले काय आणि वाचवले काय, धर्मदृष्ट्या त्यात काहीही फरक पडत नाही.